कोर्टाचा डायलॉग ओळखा (आणि घरात कुठे वापरलात ते सांगा)

काल मोटारीच्या मिस्त्रीने तिसऱ्यांदा फोनवर 'उद्या येतो' सांगितलं आणि आबा ताटावरूनच म्हणाले, "तारीख पे तारीख!" पोरीने विचारलं की आबा हे कोणत्या सिरीयलमधलं, तर छातीठोकपणे म्हणे 'अदालत', त्यातला वकील के. डी. पाठक. आता ते 'दामिनी'तलं, 1993 चं, सनी देओलचं, पण आमच्या जळगावच्या घरात कोर्टातलं कुठलंही वाक्य के. डी. पाठकच्याच खात्यात जमा होतं. तर लिहा मंडळी, तुम्ही कोणते डायलॉग ओळखले, कुठे फसलात. सिरीयल असो, पिक्चर असो, चालेल.

*

भुसावळ. 'अदालत' 2010 ला सोनीवर सुरू झाली तेव्हापासून आमची आई ती कानाने बघायची, म्हणजे टीव्ही बाहेरच्या खोलीत आणि ती आत गॅसवर भरताची वांगी भाजत. सरकारी वकील जायसवालचा आवाज चढला की आतूनच म्हणायची, "आता हा पडतो बघ." आणि मग म्युझिक थांबून केडी हळू बोलायला लागला की निम्मं साल काढलेलं वांगं हातात तसंच घेऊन दारात उभी, बोटं काळी, आणि वांग्याचं पाणी फरशीवर टपटप. 2012 ला सीआयडी आणि अदालत एकत्र आले तेव्हा तर घरात दोन पार्ट्या, पप्पा दयाकडून आणि ही केडीकडून, जेवायला कोणीच वाढेना.

*

धुळे, लॉ चा विद्यार्थी. मूट कोर्टात, म्हणजे कॉलेजातल्या सरावाच्या कोर्टात, मी ऐटीत हरकत ठोकून दिली, "इनकॉम्पिटंट, इर्रेलेव्हंट अँड इम्मटेरियल!" कुठल्यातरी रीलवर ऐकलं होतं. परीक्षक म्हणून आलेले सत्तरीचे वकीलसाहेब जे हसायला लागले ते थांबेचनात. नंतर चहाच्या टपरीवर सांगितलं की बाळा, हे 'पेरी मेसन'मधल्या हॅमिल्टन बर्गरचं पेटंट वाक्य आहे, ती अमेरिकन सिरीयल 1957 ते 66 चालली आणि हा बर्गर त्यात जवळपास प्रत्येक केस हरतो. म्हणजे उचलून उचललं ते पण पडेल वकिलाचं.

*

आमना आप्पा गावनी बैठकमा बी 'ऑर्डर ऑर्डर' म्हनेत, हातोडी नही म्हनीसन तंबाखूनी डबी आपटेत 😄

*

आप्पांना सांगा हातोडी खऱ्या कोर्टात पण नसते. मी अमळनेरकडचा, बांधाच्या दाव्यात साक्षीला उभा राहिलोय. आदल्या रात्री झोप नाही, डोक्यात तेच, गीतेवर हात, पिंजरा, सगळे माझ्याकडे बघतायत. प्रत्यक्षात गीता बिता काही नाही, शिपाई म्हणाला शपथ घ्या, आणि माझ्या तोंडून सवयीने हिंदीच निघालं, "जो कहूंगा सच कहूंगा." जज्जसाहेबांनी मान वर न करता सांगितलं, "काका, मराठीत."

पण खरा डायलॉग पुढे आहे. उलटतपासणीत समोरचा वकील विचारतो, तुम्हीच बांध कोरला ना? मी म्हटलं नाही हो साहेब, आईशप्पथ नाही. साहेब टायपिस्टला सांगतात, "हे म्हणणे खरे नाही की, मी बांध कोरला." पुढचा प्रश्न, मी तावातावाने पाच मिनिटं बोललो, कागदावर परत एकच ओळ, हे म्हणणे खरे नाही की. दीड तासात माझी अख्खी भाऊबंदकी त्या पाच शब्दांत बसली. आता बायकोने विचारलं की दुसरी पुरणपोळी कोणी संपवली, तर मी सांगतो, हे म्हणणे खरे नाही की मी संपवली. कोणत्या सिरीयलमधलं आहे ते ओळखा!

*

अमळनेरकर भाऊ, आम्ही हे रोज दहा वेळा ऐकतो, दंडवत घ्या. मी चाळीसगावला वकिली करतो. एका पक्षकाराने फी देताना तोंड पाडलं, का तर "साहेब, तुम्ही एकदाबी ऑब्जेक्शन नाही बोलले." भाऊ, मी पुरसिस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, देऊन तुझं काम अर्ध्यात आणलं, पण पुरसिस हा शब्द कुठल्या सिरीयलवाल्याने ऐकलेला नाही, त्याला टाळी कोण देणार. तसंच माय लॉर्डचं, 2006 मध्येच बार कौन्सिलने सांगितलं की खालच्या कोर्टात सर म्हणा किंवा आपल्या भाषेतलं तसंच काही, आम्ही साहेबच म्हणतो. आणि 1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांना नव्या भारतीय न्याय संहितेत खुनाचं कलम 103 झालं, 302 गेलं. पण एकशेतीन म्हटल्यावर कोणी घाबरतं का? बसचा नंबर वाटतो.

*

जळगावकर असून एक राहिलं की! कसाबची बिर्याणी. आमचे काका शपथेवर सांगायचे की ते कोर्टातच बोललं गेलं. पण 2015 मध्ये त्या खटल्यातले सरकारी वकील, आपले जळगावचेच उज्ज्वल निकम, यांनी स्वतःच सांगितलं की कसाबने बिर्याणी मागितलीच नव्हती, कसाबबद्दल तयार होत असलेली सहानुभूती मोडायला आपणच ते मीडियाला सांगितलं होतं. काका तेव्हापासून त्या विषयावर गप्प, बिर्याणी मात्र खातात.

*

धागाकर्ता परत. आबांना यूट्यूबवर 'दामिनी'चा सीन लावून दिला. चष्मा पुसून पूर्ण बघितला, मग म्हणाले, "बरोबर आहे, पण केडीने जास्त चांगलं म्हटलं असतं." मिस्त्री आजही आलेला नाही.