मांजरांना खाऊ घालणाऱ्यांवर नसबंदीची अट असावी का?

कर्वेनगरची काकू: आमच्या सोसायटीत भटक्या मांजरांना खाऊ घालायला बंदी करणारा ठराव येतोय. माझा त्याला विरोध आहे. खाणं बंद केलं की मांजरं कचऱ्याच्या डब्यात शिरतात. पकडून लांब सोडली तर रिकाम्या जागी दुसरी येतात. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत विते, खरं दुखणं तिथं आहे. म्हणून खाऊ घालणाऱ्यांची नावं नोंदवा, जागा-वेळ ठरवा आणि नसबंदीची जबाबदारी त्यांनाच द्या. २०२३ च्या केंद्रीय प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार जागा ठरवणं सोसायटीचंच काम आहे. ती मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून दूर हवी.

पार्किंगवाला: रोज सकाळी फाटलेली सीट आणि चाकावर मुतलेलं आम्ही बघायचं. मुलांच्या वाळूत विष्ठा असते, त्यातून टॉक्सोप्लाज्मोसिस हा पोटातल्या बाळाला धोकादायक संसर्ग होऊ शकतो. घरात गरोदर सून आहे, मी धोका का पत्करू? हौस तुमची, भुर्दंड आमचा.

कर्वेनगरची काकू: सुनेची काळजी रास्तच आहे, दादा. पण ताज्या विष्ठेतले जंतू संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. रोज साफसफाई आणि वाळूवर ताडपत्री, एवढं तरी ठरावात घालूया. बोक्यांची नसबंदी झाली की मुताची धार मारणंही बरंच कमी होतं.

पेठेतली: बोलणं सोपं आहे हो. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं, पिंजऱ्यात सुकट ठेवून पहाटे दबा धरून बसायचं, वर तीच मांजर पिंजऱ्याकडे ढुंकून बघत नाही! शस्त्रक्रियेनंतर खूण म्हणून एका कानाचं टोक कापतात, म्हणजे तीच परत पकडली जात नाही. हे सगळं करणारे सोसायटीत दोघंच असतात. नुसती अट घातलीत तर तेही खाऊ घालणं सोडतील. आधी खर्चाला वर्गणी काढा.

पक्षीमित्र: नसबंदी झालेलं मांजरही बुलबुलाचं पिल्लू उचलतंच. टेकडीला लागून असलेल्या सोसायट्यांत खाऊ घालण्याची जागाच नको, हे माझं ठाम मत. तिथली मांजरं दत्तक द्या.

कर्वेनगरची काकू: टेकडीचं पटलं. पण मोठी, माणसाला बुजणारी मांजरं सहसा दत्तक जात नाहीत. त्यांना खाऊ घालायची जागा टेकडीपासून लांब, गेटाच्या बाजूला हलवूया. वर्गणीचा मुद्दा मी रविवारच्या सभेत मांडते. पार्किंगवाले दादा, तुम्हीही या, सीटचं नुकसान त्याच हिशेबात धरू.

पार्किंगवाला: येईन. पण मत बंदीलाच देणार.