नाटक ‘रंगलं’ हे इंग्रजीत कसं लिहायचं?

साकोलीहून:
माही भाची नागपूरले कॉलेजात हाय, तिले असाइनमेंट भेटली का एखादा सांस्कृतिक कार्यक्रम पाहून त्याच्यावर आपलं मत इंग्रजीत लिहून आणा. दिवाळीत घरी आली तं मंडईचं (म्हणजे आपल्या गावच्या जत्रेतलं) नाटक पाह्यलं रातभर आणि लिहिलं काय तं ‘इट वॉज अ व्हेरी नाईस ड्रामा, आय एन्जॉइड व्हेरी मच’. मॅडमनं लाल पेनानं खाली विचारलं, यात मत कुठं हाय? आता सांगा, ‘दुसऱ्या अंकात नाटक असं रंगलं का कोणी जागचं उठलं नाई’ हे कसं लिहावं?

सिंदेवाहीहून:
ताई, पहिले ते ‘एन्जॉय’ पहा. आपण ‘एन्जॉय केलं’ म्हणून मोकळे होतो, इंग्रजीत काय एन्जॉय केलं ते मागं लावाच लागते, ‘आय एन्जॉइड द प्ले’. आणि स्टेजवरच्या एका नाटकाले ‘प्ले’ म्हणा, ‘ड्रामा’ म्हटलं का नाट्यप्रकार तरी होते नाहीतर घरातली भांडणं. ‘रंगलं’ले एकच शब्द शोधत बसू नोका, भेटणार नाई. आपल्या रंगण्यात नट, पेटीवाला, समोरची मंडळी सगळेच येतात, तिकडं कोणाचं काय झालं ते वेगळं सांगा लागते. ‘द प्ले रिअली केम अलाइव्ह इन द सेकंड ॲक्ट, नोबडी गॉट अप’. (‘लेफ्ट देअर सीट’ नोको, सीट कुठली, सतरंजीवर तं बसले असतीन.) उगाच लांबलं असंन तं ‘इट ड्रॅग्ड’. कंटाळा आला तं ‘आय वॉज बोअर्ड’, ‘आय वॉज बोअरिंग’ लिहिलं का तुमची भाचीच कंटाळवाणी ठरते.

वडसाहून:
भाऊ म्हणते ते बरोबर, पण खरी भानगड पुढं हाय. शहरातले लोक आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचं नाटक पाहून ‘ओव्हरॲक्टिंग’ म्हणून मोकळे होतात, इंग्रजीत ‘मेलोड्रामॅटिक’ लिहिलं का बहुतेक नावं ठेवल्यासारखंच झालं. अरे पण नाटक पहाटलोक चालते, पार मागं बसलेल्या म्हातारीपर्यंत रडणं पोहोचवा लागते, तिथं बारीक अभिनय काय कामाचा! आवडलं असंन तं ‘लार्जर दॅन लाइफ’, नसंन आवडलं तं ‘ओव्हरडन’. अभिनय तोच, मत उलटं, मॅडमले हेच पाहिजे. आणि थोडा संदर्भ द्या ना राजेहो, वाचणाऱ्याले काय माहीत का चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात भाऊबीजेच्या मंडईपासून नाटकं सुरू होतात, आमच्या वडशाच्या कंपन्या गावोगाव फिरतात, 2023 मध्ये नाट्य कलावंत परशुराम खुणेंना याच रंगभूमीसाठी पद्मश्री भेटली. हे दोन वाक्यात टाका, मंग ‘आय थिंक’ सुरू करा. ‘अकॉर्डिंग टू मी’ मात्र लिहू नोका, ‘अकॉर्डिंग टू’ दुसऱ्याच्या नावानं वापरतात, सोताच्या नाई.

ब्रह्मपुरीहून:
‘इंटरेस्टिंग’ पण सांभाळून बरं का. पुढं कारण न देता नुसतं ‘इंटरेस्टिंग’ म्हणणं म्हणजे पोरगी पाहून झाल्यावर ‘घरी जाऊन कळवतो’ म्हणण्यासारखं हाय. ‘क्वाइट गुड’चा तं देशागणिक अर्थ बदलते, इंग्लंडात ते बहुधा ‘ठीक होतं, बरं होतं’, अमेरिकेत ‘चांगलंच होतं’. ‘इट वॉज फन’ म्हणजे मजा आली, ‘फनी’ म्हणजे हसू आलं. सासूच्या छळाच्या नाटकाले ‘फनी’ लिहिलं तं झालं मंग.

साकोलीहून:
हाव, लिहून घेतलं सगळं. एकच राह्यलं, लावणीले तीनदा ‘वन्स मोअर’ भेटला, ते तं इंग्रजीच हाय ना, तसंच राहू देऊ?

सिंदेवाहीहून:
नोको ताई. शब्द इंग्रजी हायेत पण इंग्रज तसं ओरडत नाई, तो ‘एन्कोर’ ओरडते, अन् तो शब्द घेतला फ्रेंचातून. फ्रान्सवाले सोता ‘बिस’ म्हणतात, म्हणजे सगळ्यायनं दुसऱ्याचाच शब्द उचलला नाई तं काय! ‘द क्राउड कॉल्ड फॉर ॲन एन्कोर थ्री टाइम्स’ लिहा.