धागा: रशियन शहराचं नाव इंग्रजीत लिहिताना तुमची कधी फजिती झालीय?

सुरुवात मीच करतो. 2011 ची गोष्ट. चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात मी एक्स्पोर्टची कागदपत्रं बघायचो. माल जायचा व्होल्गाकाठी, लाडा गाड्या बनतात त्या तोल्यात्ती गावी. एलसीवर, म्हणजे बँकेच्या पैसे देण्याच्या हमीपत्रावर, गावाचं स्पेलिंग टी-ओ-एल-वाय-ए-टी-टी-आय. आमच्या इनव्हॉइसवर, जुन्या फाइलमधून उचललेलं, टी-ओ-जी-एल-आय-ए-टी-टी-आय. बँकेतल्या बाई चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "अहो, ही दोन वेगळी गावं दिसतायत." लागली डिस्क्रिपन्सी, म्हणजे कागदपत्रांत तफावत. पैसे अकरा दिवस अडकले आणि आमच्या साहेबांनी त्या अकरा दिवसांत मला त्या गावाचं नाव इतक्या वेळा ऐकवलं की सांगता सोय नाही. तेही दर वेळी 'टॉगलीयाटी'.

मग चिडून खोदत बसलो. गाव मुळात स्ताव्रोपोल. व्होल्गेवर धरण झालं आणि 1950 च्या दशकात जुनं गाव पाण्याखाली गेलं, नवं वर वसवलं. (उजनीकाठच्या मंडळींना हे समजावून सांगायला नको.) 1964 च्या ऑगस्टमध्ये इटलीचे कम्युनिस्ट नेते पाल्मिरो तोल्यात्ती याल्टाला वारले आणि आठवड्याभरात त्यांचं नाव या गावाला मिळालं. दोनच वर्षांनी फियाटच्या मदतीने तिथे मोटारींचा कारखाना उभा राहू लागला. आता गंमत बघा. इटालियनमध्ये जी-एल-आय म्हणजे आपला 'ल्य', त्यातला जी नुसताच उभा असतो. रशियनांनी तो टाकून कानाला लागलं तसं लिहिलं. ते रशियन अक्षरांवरून इंग्रजीत आणलं की वाय येतो, नेत्याच्या आडनावावरून आणलं की जी. दोन्ही बरोबर! तिथल्या अमोनियाच्या कारखान्याचं इंग्रजी नावसुद्धा जी-वालंच आहे. हे सगळं टाइप करून बँकेला दिलं. बाईंनी वाचलं, हसल्या आणि तरीही खरेदीदाराकडून दुरुस्तीचं पत्र मागितलं.

तुमचे किस्से येऊ द्या.

निझनीतली पोर: मी निझनी नोव्हगोरोदला एमबीबीएसला होते. पहिल्यांदा निघाले तेव्हा बॅगेच्या टॅगवर जी-ओ-जे. आई काउंटरवरच ओरडली, "अगं, बॅग गोव्याला चालली!" गोव्याच्या दाबोळी विमानतळाचा कोड जी-ओ-आय, एका अक्षराचा फरक, त्यामुळे आईचं अगदीच चुकलं नव्हतं. बाबा शांतपणे म्हणाले, गॉर्की असेल ते. आणि खरंच, 1932 ते 1990 शहराचं नाव गॉर्की होतं, विमानतळाच्या कोडात तेवढंच उरलंय. मुंबई होऊन इतकी वर्षं झाली, आपलंही बी-ओ-एम सुटलंय का?
अजून एक सांगते, जाणाऱ्या पोरांसाठी. नुसतं 'नोव्हगोरोद' लिहू नका. वेलिकी नोव्हगोरोद नावाचं दुसरं शहर आहे, मॉस्कोच्या वायव्येला. आपलं पूर्वेला. माझ्या रूममेटने चुकून वेलिकीचं ट्रेनचं तिकीट काढलं होतं. स्थानिक लोक फक्त 'निझनी' म्हणतात.

भिलाईचा अण्णा: वडील साठच्या दशकात पोलाद कारखान्यातून ट्रेनिंगला मग्नितोगोर्स्कला गेले होते. लोखंडाच्या डोंगरापाशी वसलेलं शहर, डोंगराचं नाव मग्नीत्नाया, म्हणजे चुंबकाचा. आईने शाळेत 'मॅग्नेट' शिकलेलं, त्यामुळे पाकिटावर आयच्या जागी ई घालायची. वडील दर पत्रात दुरुस्त करायचे, ती दर पत्रात ई घालायची. एकही पत्र हरवलं नाही. खाली यू.एस.एस.आर. मात्र ती चांगलं ठळक लिहायची.

रात्रपाळी: 15 फेब्रुवारी 2013, उल्का फुटली त्या दिवसाची संध्याकाळ. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर. एजन्सीची कॉपी इंग्रजीत. पहिल्या पानावर 'चेल्याबिन्स्क', आत 'चेलियाबिंस्क', फोटोओळीत 'चेलाबिंक्स'. काचा फुटून दीड हजारांच्या आसपास लोक जखमी झालेले, आणि आम्ही अनुस्वारावरून भांडतोय. एकाही वाचकाचं पत्र आलं नाही, हे जास्त लागलं.

चमचाभर साखर: पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकत होते. धड्यात लिपेत्स्क आलं, तेही पोलादाचंच शहर. इंग्रजी स्पेलिंग बघून आम्ही सगळे 'लिपेट्-स्क' करत अडखळत होतो. बाई म्हणाल्या, "ते आधी मिटा. चमचा म्हणा. आता त्यातला च घ्या आणि लिपेच्क म्हणा." पहिल्याच फटक्यात जमलं. मी विचारलं, मग स्पेलिंगात टी-एस कशाला?

"इंग्रजांकडे चमचा नाही म्हणून."