शब्दचर्चा : आटे पाडणे, टॅप मारणे, आटे मिल करणे

शब्दवेध :
छोट्या सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मिलिंग मशीनच्या माहितीपुस्तिकेचं मराठी भाषांतर तपासायला आलंय. त्यात ‘थ्रेड’ला, म्हणजे आट्यांना, ‘धागा’ केलंय आणि ‘पीच’ला, म्हणजे दोन आट्यांमधल्या अंतराला, चक्क ‘खेळपट्टी’! ती दोन्ही खोडली. अडलंय ते पुढे. थ्रेड मिलिंगला (फिरत्या कटरने आटे कापण्याला) नुसतं ‘टॅपिंग’ म्हटलेलं चालेल का? पीच आणि लीड यांना एकच शब्द ठेवावा का? आणि कटर गोल फिरत फिरत वर सरकतो, त्या मार्गाला काय म्हणायचं?

मिलिंगवाला :
‘आटे पाडणे’ हे सर्वसाधारण क्रियापद. टॅप (भोकात आटे पाडणारं स्क्रूसारखं हत्यार) असो, डाय (दांड्यावर बाहेरून आटे पाडणारं हत्यार) असो वा लेथवरचं टूल, सगळीकडे चालतं. ‘टॅप मारणे’ मात्र टॅप वापरला असेल तरच. हा फरक पुस्तिकेत राहायलाच हवा, कारण दोन्हींचं गणित वेगळं आहे.

टॅपमध्ये पीच टूलमध्येच कोरलेला असतो आणि मशीनला त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं. एम८ × १.२५ (८ मिमी व्यास, १.२५ मिमी पीच) साठी ६.८ मिमीचं भोक पाडून ५०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) टॅप चालवला, तर फीड, म्हणजे टूल पुढे सरकण्याचा वेग, ५०० × १.२५ = ६२५ मिमी प्रति मिनिट. स्पिंडल (टूल फिरवणारा दांडा) आणि झेड अक्ष (टूलची वर-खाली हालचाल) एकमेकांना बांधलेले असावे लागतात. लहान मशीनवर बहुधा एन्कोडर (स्पिंडल किती फिरला ते मोजणारा सेन्सर) नसतो. तळाशी उलटं फिरताना स्पिंडल मंदावतो, झेड काही थांबत नाही, आणि मग टॅप तरी तुटतो नाहीतर आटे तरी सोलले जातात. म्हणून अशा मशीनवर फ्लोटिंग होल्डर (टॅपला थोडं मागेपुढे सरकू देणारी पकड) लावतात, किंवा सरळ आटे मिल करतात.

एकदाती थ्रेड मिलमध्ये पीच नसतोच, तो प्रोग्रॅममध्ये असतो. एकाच कटरने १ चेही आटे पडतात आणि १.२५ चेही. दोन्हींना ‘टॅपिंग’ लिहिलंत तर कुणीतरी मिलिंगलाही ६२५ चं फीड देईल.

बारीककाम :
पीच आणि लीड एक करू नका. पीच म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर. लीड म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात नट जितका सरकतो ते. एका स्टार्टच्या, म्हणजे आट्यांची एकच ओळ असलेल्या, स्क्रूला दोन्ही आकडे सारखे येतात, म्हणून बोलताना फरक पडत नाही. पण छोट्या मशीनच्या अक्षांवर सर्रास दिसणारा ट्रॅपेझॉइडल (समलंब आकाराच्या आट्यांचा) स्क्रू घ्या : व्यास ८, पीच २, चार स्टार्ट, म्हणजे लीड ८. फेऱ्याला २०० स्टेपची मोटर आणि १६ मायक्रोस्टेप (एका स्टेपचे १६ भाग) असतील तर ३२०० भागिले ८, म्हणजे मिलिमीटरला ४०० स्टेप. पुस्तिकेत ‘पीच टाका’ असं छापलं की माणूस २ टाकणार, १६०० येणार, आणि १ मिमीचा हुकूम दिला की टेबल ४ मिमी पळणार.

पीच, लीड, स्टार्ट हे तिन्ही शब्द तसेच ठेवा. ‘अंतराल’ वगैरे कुणी म्हणत नाही.

मिलिंगवाला :
मार्गासाठी ‘मळसूत्राकार’ उत्तम. ‘सर्पिल’ टाळा, घड्याळातल्या स्प्रिंगसारखं सपाट वेटोळंही त्यात येतं. एकदा समजावून सांगा, पुढे ‘हेलिकल’ लिहिलं तरी चालेल.

उजवे आटे, आतल्या बाजूने, स्पिंडल सरळ (घड्याळाच्या दिशेने) फिरतोय : तळापासून सुरुवात, जी०३ (घड्याळाच्या उलट दिशेने वर्तुळाचा कोड), दर फेऱ्याला झेड एका पीचने वर. याने क्लाइंब मिलिंग (दात जाड चिप घेऊन सुरू होतो आणि पातळ करत संपतो) होतं आणि बंद भोकात कटर तळाच्या चिप्समध्ये रुतत जात नाही. १२ मिमी लांबीचे आटे हवे असतील तर १२ भागिले १.२५, म्हणजे ९.६, फेरे १० ते ११ द्या.

शब्दवेध :
‘आट्यांची खोली १२ मिमी’ असं लिहू ना?

बारीककाम :
नको, ‘खोली’ हा या कामातला सगळ्यात घातकी शब्द. भोकात आटे किती खाली गेले तीही खोली, आणि दात धातूत किती घुसला तीही खोली. पहिलीला ‘लांबी’ म्हणा, दुसरीला ‘आट्याची उंची’. एम८ ला आतली उंची ०.५४१ × १.२५, म्हणजे ०.६८ मिमीच्या आसपास.

याच ठिकाणी बोल्ट अडतो. ५ मिमीचा कटर धरा. सरळ हिशोबाने मार्गाची त्रिज्या (८ − ५) ÷ २ = १.५ मिमी. पण ८ च्या व्यासावर आट्याचा तळ पीचच्या एक अष्टमांश, म्हणजे ०.१५६ मिमी रुंद हवा. अनेक पीचना चालणाऱ्या कटरचं टोक त्याहून टोकदार असतं. ते ०.०५ मिमी रुंद असेल तर खाच अरुंद पडते. मोजमाप बरोबर दिसतं, पण बोल्ट शिरत नाही. (०.१५६ − ०.०५) × ०.८६६, म्हणजे ०.०९ मिमी आणखी धातूत जावं लागतं, त्रिज्या १.५९.

मिलिंगवाला :
‘फीड’पुढे ‘केंद्राचं’ (कटरच्या मध्याचं) की ‘धारेचं’ (कापणाऱ्या कडेचं) तेही लिहा. वरच्याच उदाहरणात केंद्र १.५९ च्या त्रिज्येवर फिरतं, धार ४.०९ च्या. धारेला २०० हवं असेल तर केंद्राला ७८ च द्यायचं. केंद्राला २०० दिलं तर धार ५०० च्या पुढे धावते आणि बारीक मानेचा कटर पहिल्याच फेऱ्यात जातो. काही कॅम सॉफ्टवेअर (कटरचा मार्ग आपोआप तयार करणारी) हे स्वतः सांभाळतात, पण हाताने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये आपणच बघायचं.

शब्दवेध :
शेवटचं. ‘स्प्रिंग पास’ला ‘रिकामा फेरा’ केलंय.

बारीककाम :
रिकामा म्हणजे हवेत फिरणारा, जॉबला (कापायच्या तुकड्याला) न लागता. स्प्रिंग पासमध्ये त्रिज्या तीच ठेवून पुन्हा फिरवतात आणि कटर वाकल्यामुळे राहिलेलं निघून येतं, म्हणजे कापणं होतंच. ‘त्याच मापाचा दुसरा फेरा’ लिहा. प्ले (अक्षात ढिलेपणा) असलेल्या मशीनवर मात्र त्याने काम होत नाही : आटे लंबगोल पडतात, गो गेज (योग्य मापाच्या आट्यात शिरायलाच हवा असा तपासणी गेज) अडतो, आणि कितीही फेरे मारा, आकार तोच राहतो. तिथे आधी अक्षाचा प्ले काढा.