एचईसीचं जेल: आधी गुठळ्या, मग तीन आठवड्यांत पाणी

प्रश्न, जेलप्रेमी:
घरी केलेल्या चेहऱ्याच्या जेलचं १०० ग्रॅमचं प्रमाण: पाणी ७८.२, कुंडीतल्या कोरफडीचा गर १०, ग्लिसरीन ५, नायासिनामाइड (व्हिटॅमिन बी३) ४, हायड्रॉक्सीएथिल सेल्युलोज म्हणजे एचईसी (जेल दाट करणारी पूड) १.८, फिनॉक्सीएथॅनॉल (प्रिझर्व्हेटिव्ह) १. एचईसी गरम पाण्यात भुरभुरवलं की साबुदाण्यासारख्या गुठळ्या होतात. तीन आठवड्यांनी जेल पातळ. आणि चेहऱ्यावर वाळल्यावर हात फिरवला की चुरा निघतो. नेमकं काय चुकतंय?

सातूपीठ:
गरम पाण्यात टाकायची रीत एचपीएमसी या सेल्युलोजच्याच दुसऱ्या पुडीची; ते गरम पाण्यात विरघळत नाही, म्हणून आधी नीट पसरतं. एचईसी थंड-गरम दोन्हीत विरघळतं, आणि गरमात कणाचं बाहेरचं आवरण लगेच फुगून आतली पूड कोरडीच राहते. १.८ ग्रॅम एचईसी आधी ५ ग्रॅम ग्लिसरिनमध्ये कालवा, मग साध्या तापमानाचं पाणी ओतून सावकाश ढवळत राहा. हँड ब्लेंडर नको, हवा अडकते.

पूड ग्लायॉक्झल (लगेच फुगून गुठळ्या होऊ नयेत म्हणून लावतात ते रसायन) लावलेली असेल तर उलट अडचण: आम्लधर्मी पाण्यात बराच वेळ दाटच होत नाही. आधी सगळी पूड ओली होऊ द्या, मग सोडियम हायड्रॉक्साइडचं १० टक्के द्रावण थेंबथेंब घालून पीएच ८च्या आसपास न्या. दाट झालं की सायट्रिक ॲसिडने ६वर आणा, नायासिनामाइड त्यानंतर. आधीच अल्कधर्मी पाण्यात पूड टाकलीत तर पुन्हा साबुदाणा.

बुरशीवैरी:
पातळ होण्याचा संशय मला कोरफडीवर. ताज्या गरात जंतू भरपूर, आणि काही जंतू-बुरशींचं सेल्युलेज हे विकर (एन्झाइम) एचईसीची साखळी तोडतं. जंतू मेले तरी विकर उरतं, त्यामुळे नंतर प्रिझर्व्हेटिव्ह वाढवून उपयोग नाही. गर काढून टाका, तेवढं उकळून गार केलेलं पाणी घ्या. भांडी ७० टक्के अल्कोहोलने पुसा. नुसतं फिनॉक्सीएथॅनॉल बुरशीवर तोकडं पडतं. त्याचा जोर वाढवणारं एथिलहेक्सिलग्लिसरीन मिसळलेलं घ्या. (तसंही ही बॅच वापरू नका, जेल पातळ झालंय म्हणजे आत काहीतरी वाढलंय असंच धरा.)

जेलप्रेमी: आणि चुरा?

सातूपीठ:
एचईसी जास्त झालंय. वाळताना त्याचा पापुद्रा बनतो, तो जाड असला की खोडरबरासारखा गुंडाळून येतो. वर सिलिकॉनचं सनस्क्रीन लावलं तर आणखीच. १ टक्क्यावर आणा, सीरमला ०.५ पुरतं. दाटपणा कमी वाटला तर टक्का न वाढवता जास्त व्हिस्कॉसिटीची ग्रेड मागा.