न मोजता शिवलेल्या गोधड्या जगात कुठे कुठे बघायला मिळतील?

माणदेशी_सई

नमस्कार मंडळी. घरात आईची नऊवारी लुगडी, बाबांचे शेतात घालायचे शर्ट, भावाच्या जुन्या जीन्स असं बरंच कापड साठलंय आणि मला त्याची गोधडी करायचीय. सध्या क्विल्टिंगचा क्लास लावलाय, बाई मनापासून शिकवतात, पण तिथे सगळं रोटरी कटरने, म्हणजे गोल फिरणाऱ्या पात्याने, मोजून कापायचं, पाव इंचाची शिलाई सोडायची, कोपऱ्याला कोपरा जुळलाच पाहिजे, आणि कापडही दुकानातलं नवंकोरं. आमच्या गावाकडे बायका खाली लुगडं अंथरायच्या, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, वर हाताला येईल तो तुकडा टाकायचा आणि धावदोरा घालत सुटायचं. त्यातूनच असे रंग जमून यायचे की बघत राहावं.

तर प्रश्न असा की जगात आणखी कुठे अशा न मोजता, जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवतात? त्यांच्याकडून शिकण्यासारखं काय आहे? आणि जीन्स नि लुगडं एकाच गोधडीत टिकतात का? फोटो साइट्स बघून झाल्यात, तिथे सगळं एकसारखं दिसतं, म्हणून इथे विचारतेय.

अटलांटावासी

सई, तुम्ही जे विचारताय त्याचं उत्तर माझ्या मते गीज बेंड. अलाबामा राज्यात अलाबामा नदीच्या एका मोठ्या वळणात हे गाव आहे, तीन बाजूंनी पाणी. सरकारी नाव आता बॉयकिन, पण सगळे गीज बेंडच म्हणतात. १८१६ साली जोसेफ गी नावाच्या माणसाने तिथे कापसाचा मळा घातला, पुढे तो मार्क पेटवे नावाच्या मालकाकडे गेला, आणि गुलामीतून सुटल्यावरही तिथल्या कित्येक काळ्या कुटुंबांचं आडनाव पेटवेच राहिलं. आजही गोधड्यांखालची नावं वाचलीत तर निम्म्या पेटवे असतात, लोरेटा पेटवे, अर्लोन्झिया पेटवे, एसी बेंडॉल्फ पेटवे.

तिथल्या बायकांनी गोधड्या शिवल्या त्या थंडीसाठी. फळ्यांची घरं, फटींतून वारा यायचा, मग पलंगावर एकावर एक गोधड्या घालायच्या आणि काही भिंतीला टांगायच्या. कापड म्हणजे नवऱ्याच्या, मुलांच्या शेतातल्या विजारी, शर्ट, पिठाच्या पिशव्या. आत भरायला जिनिंगमध्ये सांडलेला कापूस गोळा करून आणायचा आणि काठीने झोडून साफ करायचा. गुडघ्यावर विजार झिजते तिथला रंग उडतो आणि खिसा उसवला की खालचं कापड गडद निळंच राहिलेलं असतं, तो गडद चौकोन त्या तसाच ठेवायच्या आणि तो डिझाइनचा भाग व्हायचा. हे मी प्रत्यक्ष पाहिलंय आणि मला ते फार मोठं काम वाटतं, कारण कापडावर माणसाच्या कष्टाची जी खूण पडलीय ती त्यांनी कापून टाकली नाही.

त्यातली एक गोधडी मिझुरी पेटवे यांची, १९४२ ची. नवरा वारल्यावर त्यांनी त्याच्याच कामाच्या कपड्यांची ती शिवली, त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेखाली झोपता यावं म्हणून. मुलगी अर्लोन्झिया तेव्हा मदतीला होती आणि ही हकीकत तिनेच पुढे सांगितली. तुम्ही बाबांचे शर्ट म्हणालात म्हणून मुद्दाम लिहितोय.

पद्धत विचाराल तर त्यांचा एक आवडता प्रकार हाऊसटॉप. मधे एक तुकडा, त्याच्या एका बाजूला पट्टी, मग दुसऱ्या, असं भोवती फिरत बाहेर बाहेर जायचं. पट्टी तिरकी झाली तर पुढची तिला सांभाळून घेते, मोजपट्टी लागतच नाही. दुसरा सोपा प्रकार म्हणजे नुसत्या उभ्या पट्ट्या, त्याला त्या लेझी गॅल, म्हणजे आळशी पोरगी, म्हणतात.

यामागचा इतिहासही माहीत हवा. १९६५ च्या फेब्रुवारीत मार्टिन ल्यूथर किंग तिथे येऊन गेले. गावातले लोक नदीपलीकडे कॅमडेनला मतदार नोंदणीला जाऊ लागले होते, तर १९६२ मध्येच नदी ओलांडणारी फेरीबोट बंद केलेली, म्हणजे समोर दिसणाऱ्या गावाला जायला रस्त्याने सुमारे ४० मैलांचा वळसा. ती बोट परत सुरू झाली २००६ मध्ये! मधल्या काळात १९६६ ला शेजारीच फ्रीडम क्विल्टिंग बी ही बायकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि १९७२ मध्ये तिला सिअर्स या मोठ्या दुकान-कंपनीकडून कॉर्डरॉयच्या (उभ्या रेघांच्या जाड मऊ कापडाच्या) उशांच्या अभ्र्यांचं काम मिळालं. त्याच्या कातरणी घरोघरी गेल्या, त्यामुळे सत्तरच्या दशकातल्या गोधड्यांत तो हिरवा, सोनेरी, विटकरी कॉर्डरॉय सारखा भेटतो. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या फाइन आर्ट्स म्युझियममध्ये प्रदर्शन झालं, मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये, आणि २००६ मध्ये अमेरिकन टपाल खात्याने दहा तिकिटं काढली. अमेरिकेत कोणी नातेवाईक असतील तर न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम (मेट) किंवा आमच्या अटलांटाचं हाय म्युझियम, दोघांच्याही संग्रहात या गोधड्या आहेत, फक्त आत्ता भिंतीवर लागल्यात का ते आधी विचारून जा.

हल्याळकर

अलाबामाची माहिती छानच आहे पण सई ताई, इतक्या लांब कशाला, बेळगाव ओलांडून आमच्याकडे या. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात सिद्दी लोक राहतात, मूळचे आफ्रिकेतून आणलेले, बरेचसे गोव्यातून पोर्तुगीजांच्या तावडीतून पळून घाट चढून जंगलात आले. त्यांची बोली कोकणीच्या अंगाची, मराठी माणसाला बरीचशी कळते. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात.

कवंदीची चाल हाऊसटॉपच्या बरोबर उलटी. खाली जुनी साडी, तिची कड आत दुमडायची, एका कोपऱ्यातून सुरुवात करायची आणि कडेकडेने तुकडे ठेवत, त्यांच्या कडा दुमडत, धावदोरा घालत चारी बाजूंनी फिरत फिरत मधे पोचायचं. आधी वरचा थर वेगळा जोडून घ्यायचा हा प्रकारच नाही, तुकडा जोडणं आणि थर शिवणं एकाच टाक्यात होतं, म्हणून सगळी गोधडी टाक्यांनी बांधल्यासारखी घट्ट होते. शेवटी चार कोपऱ्यांना कापडाच्या घड्या घालून केलेले तिकोनी तुकडे लावायचे, त्यांना फुला म्हणतात. फुला नसतील तर बायका म्हणतात कवंदी उघडी राहिली. लहान बाळाच्या कवंदीत बारीक बारीक रंगीत तुकडे खूप असतात, आणि ख्रिश्चन घरात क्रूस, मुसलमान घरात चंद्रकोर घातलेली पण मी बघितलीय.

हेन्री ड्रूवल नावाच्या अमेरिकन अभ्यासकांनी २००४ च्या सुमारास या बायकांची सहकारी संस्था उभी करायला मदत केली, त्यामुळे कवंद्या परदेशात पोचल्या. तुम्ही विकत घ्याल तर थेट बायकांकडूनच घ्या, भाव पाडू नका, एकेक कवंदी कित्येक दिवसांचं काम असतं.

प्राची_टोरांटो

सगळं पटलं पण मोजमापाच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं म्हणून लिहिते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या आमिश (साधेपणाने राहणारा ख्रिस्ती पंथ) बायकांच्या जुन्या गोधड्या बघा, छापील कापड वापरत नसत, फक्त गडद एकरंगी, मधे एक मोठा चौकोन कोपऱ्यावर उभा केलेला, इतकंच. पण ते प्रमाण नेमकं साधलेलं असतं आणि वर इतके बारीक टाके की जवळ गेल्याशिवाय त्यातली वेलबुट्टी दिसत नाही. तिथे माप काढून घेतलं तर काही उरणार नाही.

आणि दुसरं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, एड्स मेमोरियल क्विल्ट. १९८७ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये क्लीव्ह जोन्स आणि मंडळींनी सुरू केली. एड्सने गेलेल्या प्रत्येक माणसासाठी त्याच्या जवळच्यांनी एक तुकडा शिवायचा, त्यावर त्याचं नाव, त्याचे शर्ट, टेडी बेअर, जे हवं ते. पण माप ठरलेलं, ३ फूट बाय ६ फूट, साधारण एका कबरीएवढं. आठ तुकडे जोडले की १२ बाय १२ चा एक ब्लॉक. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनला नॅशनल मॉलवर अंथरली तेव्हा १,९२० तुकडे होते, आता ५० हजारांच्या आसपास गेलेत. ज्यांनी कधी सुई धरली नव्हती अशांचे तुकडे त्यात आहेत, आणि माप एक होतं म्हणूनच ते एकमेकांना जोडता आले. तेव्हा क्लासच्या बाईंकडून ते पण शिकून घ्या, वाया जाणार नाही.

माणदेशी_सई

बापरे, किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! प्राची, तुझा मुद्दा मान्य, अनेक हात लागणार असतील तर माप पाहिजेच. पण माझी गोधडी मी एकटीच शिवणार आहे आणि बाबांच्या शर्टाचा खिसा चौकोनात बसवायला कापायचा म्हटलं की हात थांबतो, तो खिसा तसाच राहायला हवा. खिशाखालचा गडद रंग हे वाचून तर उठून शर्ट बघितला, खरंच आहे तसा. आता मधे खिसा घेऊन हाऊसटॉप करू की कडेने कवंदी? आणि जीन्सचं कोणी सांगितलंच नाही.

दाभण_दोरा

मी सांगते, चाळीसेक वर्षं गोधड्या शिवतेय. जीन्स आणि झिजलेलं लुगडं शेजारी शेजारी जोडू नको ग, जीन्सच्या वजनाने लुगडं शिवणीपाशी फाटतं. जीन्स वापरायचीच तर मांडीमागचा मऊ झालेला भाग घे, जाड शिवणी आणि कंबरपट्टा काढून टाक. लुगडं उन्हाकडे धरून बघ, आरपार विरलेलं असेल तर ते मधल्या थरात घाल, ऊब देईल आणि ताण येणार नाही. चांगलं धड लुगडं खाली अस्तराला, काठ बाहेर दिसू दे. सगळं कापड आधी धुऊन घे, लाल कापड वेगळं भिजव, रंग सोडतं.

खिसा मधे हवा असेल तर वरचा थर हाऊसटॉपसारखा मशीनवर जोड, मग तिन्ही थर जमिनीवर ताणून अंथर, मोठ्या कच्च्या टाक्यांनी मधून बाहेर टाच, नाहीतर फुगवटा येतो, आणि त्यावर हाताने धावदोरा, दोन ओळींत बोटभर अंतर. कवंदीत मधला तुकडा सगळ्यात शेवटी बसतो, तोवर किती जागा उरेल ते पहिल्या खेपेला कळत नाही आणि खिसा मावला नाही तर काय करशील? ती दुसरी गोधडी म्हणून कर, लुगड्यांचीच.

अंगुस्तान घाल बोटात, आणि दोरा दुहेरी पण लांब घेऊ नको, हातभर पुरे, जास्त घेतला की गाठी पडतात.

हल्याळकर

काकूंचं बरोबर आहे, पहिली कवंदी एकाच वजनाच्या कापडाची करावी, साड्यांचीच उत्तम. आणि फुला विसरू नका ताई, चारही.