दवाखाना बंद असताना कुठे जावे?

रात्री काहीही झाले तरी सरळ मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे, हे मत मला अर्धेच पटते. छातीत दाबल्यासारखे दुखणे, धाप लागणे, न थांबणारा रक्तस्राव, अचानक वाकडे झालेले तोंड किंवा लुळा पडलेला हात, यांत दवाखान्याची वेळ पाहण्याचा प्रश्नच येत नाही. पक्षाघात गुठळीमुळे झाला असल्यास ती विरघळवणारे औषध साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून ४.५ तासांच्या आतच देतात. त्यामुळे रुग्ण शेवटचा ठणठणीत केव्हा दिसला होता, ती वेळ टिपून ठेवावी. ३ महिन्यांहून लहान बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप असेल, तरीही सकाळची वाट पाहू नये.

मात्र घसादुखी, जुनी पाठदुखी किंवा संपलेल्या गोळ्या यांसाठी तिथे गेल्यास तासन्‌तास बसावे लागू शकते, कारण तिथला क्रम आधी कोण आले यावर नव्हे, तर कोणाची प्रकृती अधिक गंभीर आहे यावर ठरतो. अशा वेळी नेहमीच्या डॉक्टरांच्या दूरध्वनीवरील ध्वनिमुद्रित सूचना शेवटपर्यंत ऐकावी; बंद वेळेत कोणाशी संपर्क साधायचा हे पुष्कळदा तिथेच सांगितलेले असते, आणि आपण (मीही त्यातलाच) फोन मध्येच ठेवून देतो. रात्रपाळीच्या अनोळखी डॉक्टरांपुढे आपले जुने कागद असतीलच असे नाही, म्हणून चालू औषधांची नावे, त्यांची मात्रा आणि ॲलर्जी यांची नोंद पाकिटात ठेवावी. गोळ्यांचे म्हणाल, तर आठवडाभराच्या शिल्लक असतानाच नवी चिठ्ठी मागावी.